पुढील स्टेशन, सिडनी!

‘हार्बर’ म्हटलं की मुंबईकराला काय आठवतं? वडाळ्याची गर्दी, कुर्ल्याची धक्काबुक्की आणि पनवेलपर्यंतची डुलकी. आज आपण हार्बर लाइनच पकडतोय मंडळी, फक्त जरा लांबची. विंडो सीट गॅरंटीड! उतरायचं ठिकाण : सिडनी.

पोस्टकार्डावर ही नगरी कशी दिसते? निळंशार पाणी, पांढरं ऑपेरा हाऊस, करडा पूल. एकदम सभ्य, कडक इस्त्रीतली. पण पोस्टकार्ड जरा उलटून बघा. मागच्या बाजूला नुसता खोडसाळपणा भरलाय!

हँगरला टांगलेलं शहर

सुरुवात पुलापासून. सिडनी हार्बर ब्रिजचं टोपणनाव माहीत आहे का? ‘कोटहँगर’! ५०३ मीटरची कमान, सुमारे ६० लाख रिव्हेट्स, आणि नाव मात्र कपाटातलं.

१९ मार्च १९३२. पुलाचं उद्‍घाटन. राज्याचे प्रीमियर जॅक लँग फीत कापणार, इतक्यात लष्करी गणवेशातला एक गडी घोड्यावरून पुढे आला आणि तलवारीने सपकन फीत कापून मोकळा! हे होते फ्रान्सिस डी ग्रूट, लँग यांचे राजकीय विरोधक. त्यांना पाच पौंड दंड झाला. फितीची गाठ मारली आणि लँगनी तीच फीत पुन्हा कापली. श्रेय लाटण्याच्या शर्यतीत इतका वेगवान घोडा आपल्याकडेही धावलेला नाही.

त्याच सोहळ्यासाठी आणखी एक घोडेस्वार आला होता. वय वर्षं ९! लेनी ग्वायथर हा पोरगा व्हिक्टोरियातल्या लिओंगाथा गावाहून ‘जिंजर मिक’ नावाच्या तट्टावर बसून, सुमारे हजार किलोमीटर एकट्याने पार करून सिडनीत पोचला. वडील जखमी असताना त्याने शेत नांगरलं होतं, त्याचं हे बक्षीस. आपण नवव्या वर्षी कोपऱ्यावरून कोथिंबीर आणली तरी घरात कौतुक व्हायचं!

पूल उन्हाळ्यात ‘वाढतो’, माहीत आहे का? पोलाद तापलं की प्रसरण पावतं आणि कमानीचा माथा १८ सेंटिमीटरपर्यंत वर सरकतो. म्हणूनच कमानीच्या पायाशी चक्क बिजागऱ्या आहेत.

आणि ते चार भक्कम दगडी मनोरे? ते पुलाला उचलून धरत नाहीत! निव्वळ शो. पूल ‘मजबूत दिसावा’ म्हणून उभे केलेले. लग्नात फोटोपुरते पुढे येणारे काका असतात ना, तसे.

ईएमआयने गांजलात? पुलासाठी काढलेलं कर्ज १९८८ मध्ये फिटलं. म्हणजे ५६ वर्षांनी! टोल मात्र अजून आहे, तोही फक्त दक्षिणेकडे, शहरात शिरताना. बाहेर पडणं फुकट. चक्रव्यूहाच्या बरोबर उलटा हिशोब!

बोनस फॅक्ट : ‘क्रोकोडाइल डंडी’ फेम पॉल होगन हिरो होण्याआधी याच पुलावर रिगरचं काम करायचा. उंचीवर पोचण्याची सवय जुनीच!

ऑपेरा-शन लांबलं!

ऑपेरा हाऊसचं बजेट होतं ७० लाख डॉलर. खर्च झाला १० कोटी २० लाख! १९६३ मध्ये उघडायचं ठरलेलं, उघडलं २० ऑक्टोबर १९७३ ला. तुमच्या बिल्डरने पझेशन लांबवलं तर एवढं मनाला लावून घेऊ नका.

पैसा आला कुठून? लॉटरीतून! सरकारने खास लॉटरी काढली आणि जनतेने तिकिटं घेऊन संगीताचं मंदिर उभं केलं. नशीब काढावं तर असं.

डिझाइन होतं डेन्मार्कच्या योर्न उट्झन यांचं. २३३ प्रवेशिकांमधून १९५७ मध्ये निवडलेलं. सरकारशी खटके उडाले आणि १९६६ मध्ये ते काम अर्धवट सोडून गेले. २००८ मध्ये त्यांचं निधन झालं, तोवर ते परत आलेच नाहीत. पूर्ण झालेलं आपलं ऑपेरा हाऊस त्यांनी प्रत्यक्ष कधीच पाहिलं नाही. जरा गलबललं ना? चला, पुढे.

छपरावर टाइल्स किती, सांगा पाहू? १०,५६,००६! स्वीडनमध्ये बनलेल्या. आणि त्या नुसत्या पांढऱ्या नाहीत, काही चकचकीत पांढऱ्या, काही मंद क्रीम रंगाच्या. जवळ गेलात की नक्षी दिसते. पाऊस पडला की त्या आपोआप धुऊन निघतात. बाईचा खाडा झाला तरी चालेल!

इथे सर्वात आधी गायलं कोण? अमेरिकन गायक पॉल रोबसन. साल १९६०. म्हणजे इमारत व्हायच्या १३ वर्षं आधी! मचाणांमध्ये उभे राहून ते बांधकाम कामगारांसाठी गायले. व्हीआयपी पास कुणाला, तर हेल्मेटवाल्यांना.

आणि इथेच १९८० मध्ये अर्नोल्ड श्वार्झनेगरने ‘मिस्टर ऑलिंपिया’ किताब जिंकला, माहीत आहे का? सूर नाही, नुसतेच सुडौल!

ऑर्केस्ट्रा पिटच्या वर एक जाळी लावलेली आहे. का? १९८०च्या दशकात एका ऑपेरात स्टेजवर खऱ्या कोंबड्या होत्या. त्यातली एक चालत चालत कडेला आली आणि थेट खाली चेलो वाजवणाऱ्याच्या अंगावर! तेव्हापासून वादकांना संरक्षण. चिकन सूप ऐकलंय, चिकन सिम्फनी पहिल्यांदाच.

चोर तो चोर, वर नोटेवर!

२६ जानेवारी. आपला प्रजासत्ताक दिन. पण १७८८ मध्ये याच तारखेला कॅप्टन आर्थर फिलिप ११ जहाजांचा ताफा घेऊन सिडनी कोव्हला उतरला, ब्रिटनने हद्दपार केलेले कैदी घेऊन. ही जमीन होती गाडिगल लोकांची, आणि त्या खाडीचं त्यांचं नाव होतं ‘वॉरेन’. त्यांच्यासाठी ही तारीख सणाची नाही, हेही लक्षात असू द्या.

कैद्यांच्या वसाहतीत आर्किटेक्ट कुठून आणायचा? कैद्यांतूनच! बनावट दस्तऐवजाबद्दल हद्दपार झालेल्या फ्रान्सिस ग्रीनवेने सिडनीतल्या एकाहून एक देखण्या इमारती उभारल्या. खरी गंमत पुढेच. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाने दहा डॉलरची पहिली नोट काढली. तिच्यावर चेहरा कुणाचा? ग्रीनवेचा! फोर्जरीवाल्याचा फोटो थेट नोटेवर. आहे की नाही ‘खरा’ सन्मान?

पुढचा किस्सा थेट आपल्या देशाशी जोडलेला आहे. वसाहतीत नाण्यांचा तुटवडा. म्हणून १८१२ मध्ये ४०,००० स्पॅनिश चांदीची नाणी जहाजाने आली, तीही मद्रासहून! ती बाहेर जाऊ नयेत म्हणून गव्हर्नर मॅक्वारींनी प्रत्येक नाण्याला मधोमध भोक पाडायला लावलं. बाहेरची कडी एक नाणं, मधली चकती दुसरं नाणं. एकाचे दोन! भोकं पाडणारा विल्यम हेन्शॉल कोण होता, ओळखा? बनावट पैशांबद्दल शिक्षा झालेला कैदी. नाणी मद्रासहून आली आणि त्यांचा मेदूवडा झाला!

हॉस्पिटल हवंय, पैसे नाहीत. मग काय कराल? मॅक्वारींनी कंत्राटदारांना ४५,००० गॅलन रम आयात करायचा हक्क दिला आणि बदल्यात हॉस्पिटल बांधून घेतलं. लोक त्याला आजही ‘रम हॉस्पिटल’ म्हणतात. त्यातल्या एका भागात आता राज्याची विधानसभा भरते. चर्चा ‘रम’णीय होत असणार!

पाण्यात पडा, पण नियमाने

मुख्य धक्क्याचं नाव सर्क्युलर की. पहिलं काम : ‘क्वे’ म्हणू नका, ‘की’ म्हणा. दुसरं काम : गोल शोधू नका, तो गोल नाहीच! मूळ नाव ‘सेमी-सर्क्युलर की’, म्हणजे अर्धगोल. बोलताना ‘सेमी’ गळून पडलं. सेमी-इंग्लिश शाळेचं ‘सेमी’ आपण गिळतो ना, तसंच.

इथून मॅन्लीची फेरी पकडाच. अर्धा तास, आणि तिकीट लोकल बसचं असल्यासारखं कार्ड टॅप करून. आधी पूल मागे सरतो, मग ऑपेरा हाऊस बाजूला येतं, मग बंदराचं तोंड लागतं आणि खुल्या समुद्राच्या लाटा बोटीला खालून हलकेच ढुशी देतात. नवखे रेलिंग घट्ट पकडतात. शेजारी ऑफिसातून घरी निघालेली बाई पुस्तकाचं पान उलटते. तिच्यासाठी ही ५:४२ची फास्ट असते!

मॅन्ली हे नाव कसं पडलं? कॅप्टन फिलिपला तिथल्या आदिवासी पुरुषांचा रुबाब ‘मर्दानी’ वाटला म्हणून. झालं, गाव मॅन्ली!

पण याच मर्दानी गावात एकेकाळी दिवसाढवळ्या समुद्रात पोहायला बंदी होती, माहीत आहे का? १९०२ मध्ये विल्यम गॉकर नावाच्या स्थानिक संपादकाने आपल्या पेपरात आधी जाहीर केलं आणि मग भर दिवसा पाण्यात उडी मारली. अग्रलेख बरेच जण लिहितात. अंगावर घेणारा विरळा!

पोहायची परवानगी आली, मागून मोजपट्टीही आली. १९३५च्या नियमानुसार पोहण्याच्या पोशाखाच्या पायाची लांबी किमान तीन इंच हवी! किनाऱ्यावर इन्स्पेक्टर हे सगळं तपासायचे. आणि विरोधाभास बघा, स्विमवेअरचा जगप्रसिद्ध ब्रँड ‘स्पीडो’ याच सिडनीत जन्मला. कंपनीची सुरुवात १९१४ची.

बॉन्डाय बीचवरच्या ‘आइसबर्ग्ज’ क्लबचा नियम ऐका. मेंबर व्हायचंय? मग ऐन हिवाळ्यात दर चार रविवारांपैकी तीन रविवार पोहायचं, आणि असं पाच वर्षं! आमच्या सोसायटीचा योगा क्लास पाचव्या दिवशी बंद पडला.

आता जरा थरार. २५ एप्रिल १९३५. कूजीच्या मत्स्यालयात नुकताच पकडून आणलेला टायगर शार्क प्रेक्षकांसमोर ओकला, आणि बाहेर आला माणसाचा हात! हातावर दोन बॉक्सरांचं गोंदण. त्यावरून माणूस ओळखला गेला. तपासात कळलं, हात शार्कने तोडलेलाच नव्हता, तो सुरीने कापलेला होता. खुनाचा उलगडा आजवर झालेला नाही. शार्क मात्र निर्दोष!

घाबरलात? मग हे घ्या आकडे थंड करणारे. ऑस्ट्रेलियात पाणी मोजायचं एक गमतीदार माप आहे, ‘सिडहार्ब’. म्हणजे सिडनी हार्बरमध्ये मावणारं पाणी, साधारण ५०० अब्ज लिटर. आपल्या टीएमसीत जेमतेम १८. आणि कोयना धरण भरतं १०५ टीएमसीला! म्हणजे आपली एक कोयना जवळपास सहा सिडनी हार्बरइतकी. कॉलर ताठ करा, सातारकर!

पक्षी भारी, डब्यावर स्वारी

सकाळी सहा. फुटपाथवर लाल झाकणाचे कचऱ्याचे डबे रांगेत. पिवळ्या तुऱ्याचा एक पांढराशुभ्र काकाकुवा कडेवर उतरतो. मान तिरकी करून इकडेतिकडे बघतो. चोचीने झाकण उचलतो, ते तसंच धरून डब्याच्या काठावरून एकेक पाऊल मागे सरकतो आणि धाड! झाकण पलीकडे. ब्रेकफास्ट सर्व्हड!

ही कला एकाने दुसऱ्याची बघून शिकलेली, हे संशोधकांनी २०२१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात सिद्ध केलं. २०१८ आधी सिडनीच्या फक्त ३ उपनगरांत असे कारागीर होते. २०१९ संपताना ४४ उपनगरांत! लोकांनी झाकणावर विटा ठेवल्या. काकाकुव्यांनी विटा ढकलल्या. विठोबा विटेवर युगं उभा राहिला, इथे वीट दोन दिवस टिकेना.

दुसरा हिरो, पांढरा आयबिस. आपल्याकडच्या शराटीचा भाऊबंद. आतल्या पाणथळ जागा आटल्या तसा हा शहरात आला आणि कचऱ्यात चोच घालून जगायला शिकला. लोकांनी नाव ठेवलं ‘बिन चिकन’. २०१७ च्या ‘बर्ड ऑफ द इयर’ मतदानात त्याने दुसरा नंबर पटकावला. कचऱ्यातून करिअर!

फनेल-वेब कोळी जगातल्या सर्वात विषारी कोळ्यांपैकी एक, आणि तो सिडनीचा रहिवासी. पण दिलासा ऐका : १९८१ मध्ये उतारा आला, तेव्हापासून त्याच्या दंशाने मृत्यू झाल्याची नोंद नाही. उतारा बनवायला विष लागतं, म्हणून नागरिकांना आवाहन असतं, कोळी दिसला तर बरणीत पकडून आणून द्या! आपण बरणीत लोणचं भरतो, हे कोळी.

भाडं, भाषा आणि रिकामी ताटली

सिडनीत घर शोधताय? जाहिरातीतला भाड्याचा आकडा बघून ‘अरे, परवडतंय की!’ म्हणालात? थांबा. तो आकडा आठवड्याचा असतो! महिन्याचा हिशोब केला की चेहरा पांढरा, अगदी ऑपेरा हाऊसच्या टाइलसारखा.

मग फर्निचर? नगरपालिकेच्या ‘क्लीन-अप’च्या दिवसांत लोक नको असलेले सोफे, टेबलं, शेल्फ फुटपाथवर काढून ठेवतात. नव्याने आलेल्या कितीतरी देशी संसारांचं पहिलं डायनिंग टेबल असंच ‘सापडलेलं’ असतं. गृहप्रवेश आधी, गृहिणीचा नकार नंतर!

भारतातून येताना बॅगेत चकली, मेतकूट, लोणचं? विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाण्याच्या जिनसा प्रामाणिकपणे लिहा. सांगितलं तर बघतात, नको ते काढून घेतात. लपवलं तर जबर दंड. आईच्या हातचं लोणचं महागात पडतं ते असं.

इंग्रजी येतं? छान. आता विसरा! ‘आर्वो’ म्हणजे दुपार, ‘सर्वो’ म्हणजे पेट्रोल पंप, ‘थाँग्ज’ म्हणजे (दचकू नका) पायातल्या स्लिपर. दुकानात ‘मँचेस्टर’ अशी पाटी दिसली तर फुटबॉलचे टीशर्ट शोधू नका, तिथे चादरी आणि उशांचे अभ्रे मिळतात. ढोबळ्या मिरचीला मात्र ते आपल्यासारखंच ‘कॅप्सिकम’ म्हणतात. चला, भाजी तरी सुटली!

‘येs, नाs’ म्हणजे नाही. ‘नाs, येs’ म्हणजे हो. ‘हो ना, नाही गं’ असं एका दमात म्हणणाऱ्या मराठी माणसाला काय अवघड!

पार्टीच्या निमंत्रणात ‘ब्रिंग अ प्लेट’ लिहिलंय? नवखा माणूस इमानदारीत रिकामी ताटली घेऊन जातो. अर्थ असा : सगळ्यांसाठी एक पदार्थ करून आणा. पोह्यांचं पातेलं न्या, ताटल्या आपोआप पुढे येतील.

मतदान इथे सक्तीचं. कारण नसताना दांडी मारली तर राष्ट्रीय निवडणुकीत २० डॉलर दंड. पण केंद्राबाहेर पावात गुंडाळलेलं गरमागरम सॉसेज मिळतं, ‘डेमोक्रसी सॉसेज’! २०१६ मध्ये हा शब्द ऑस्ट्रेलियाचा ‘वर्ड ऑफ द इयर’ ठरला. वडापाव-पुरस्कृत लोकशाही कशी वाटते?

लोकल ट्रेन डबल डेकर, आणि सीटची पाठ ढकलून दिशा बदलता येते. चौघांना समोरासमोर बसायचंय? खट्! झालं. भजनी मंडळाची सोय.

मास्टरचं माहेर

शेन वॉर्नची कसोटीतली पहिली विकेट कोण, माहीत आहे का? आपला रवी शास्त्री! जानेवारी १९९२, सिडनी क्रिकेट ग्राउंड. पण आधी शास्त्रीने २०६ कुटल्या, १८ वर्षांच्या सचिनने नाबाद १४८, आणि पदार्पणात वॉर्नचा हिशोब : १५० धावांत १ बळी. मुंबईकरांनी पाहुण्या गावात यजमानाचंच बारसं केलं.

२००४ मध्ये याच मैदानावर सचिन नाबाद २४१. तोही लाडका कव्हर ड्राइव्ह कपाटात कुलूपबंद ठेवून! इथल्या पाच कसोटींत त्याची सरासरी १५७. २४ एप्रिल २०२३ ला, त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी, मैदानाच्या एका दरवाजाला त्याचं आणि ब्रायन लाराचं नाव दिलं गेलं. लाराने १९९३ मध्ये इथे २७७ केल्या आणि पुढे मुलीचं नावच ठेवलं सिडनी. बरं झालं त्याने त्या धावा दिल्लीच्या कोटलावर केल्या नाहीत!

उलटी दुनिया

आपली संक्रांत, म्हणजे दिवस तिळातिळाने वाढणार. सिडनीत? तिळातिळाने घटणार! तिथे ऐन उन्हाळा. ४ जानेवारी २०२० ला सिडनीच्या पेनरिथमध्ये पारा ४८.९ अंशांवर गेला. अशात अंग गरम ठेवणारा तिळगूळ? गोड बोला आणि फ्रीजमध्ये ठेवा.

पौर्णिमेला वर बघा. चंद्रावरचा ससा शीर्षासन करतोय! आपण दक्षिण गोलार्धात उलटे उभे, म्हणून तो उलटा.

आणि ‘उजवीकडे वळा’ म्हणत तुम्हाला बोळात घुसवणारा गुगल मॅप? त्याचं बीज सिडनीतल्या चौघांच्या छोट्या कंपनीत रुजलं. गुगलने ती २००४ मध्ये घेतली. म्हणजे सदाशिव पेठेत रस्ता चुकलात तर दोष कुणाला द्यायचा, कळलं ना?

उत्तर २०८५ मध्ये

आर्थर स्टेस. जेमतेम अक्षरओळख असलेला माणूस. खडूने, वळणदार अक्षरात, सिडनीच्या फुटपाथांवर त्याने एकच शब्द लिहिला : ‘इटर्निटी’. अनंतकाळ. पस्तीसेक वर्षं, सुमारे पाच लाख वेळा! खडूचं अक्षर पहिल्या पावसात जायचं, तो पुन्हा लिहायचा. २००० साल उजाडलं त्या रात्री आतषबाजीच्या धुरात हार्बर ब्रिजवर एक शब्द उजळला. त्याच्याच हस्ताक्षरात, ‘इटर्निटी’.

आणि जाता जाता शेवटचं. क्वीन व्हिक्टोरिया बिल्डिंगमध्ये एक सीलबंद पत्र आहे. राणी एलिझाबेथने १९८६ मध्ये सिडनीकरांना लिहिलेलं. अट एकच : २०८५ मध्ये महापौरांनी ते उघडून वाचून दाखवावं. आत काय आहे? कुणालाच माहीत नाही! लिहिणारी गेली, पाकीट जागेवर आहे, आणि काकाकुव्यांना अजून पत्ता लागलेला नाही.

म्हणजे सगळ्यांना ‘माहीत आहे का?’ विचारत सुटलेल्या आमचीच सिडनीने शेवटी विकेट काढली. २०८५ला नातवाला पाठवा मंडळी. आणि त्याला सांगा, विंडो सीट आजोबांनी तेव्हाच धरून ठेवली होती!